टपालवाल्याचा आवाज

मला जपानी येत नव्हतं, आणि येतं असं मी सगळ्यांना सांगून बसलो होतो. चूक एवढीच. पुढचं सगळं तिच्या मागून आपसूक आलं, त्यासाठी मला वेगळे कष्ट पडले नाहीत.

आम्ही जपानात ओजिमाला राहायचो, दांचीत. दांची म्हणजे सरकारी वसाहत, एकसारख्या उंच इमारतींची. आमचं घर नवव्या मजल्यावर. बाबा मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून तिथल्या बँकेच्या कामावर गेले होते आणि मागून आई, मी आणि माझी धाकटी बहीण अनू असे तिघं जाऊन पोचलो. मी चौदाचा, ती आठची. घर म्हणजे चटयांच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, ज्यात आई उभी राहिली की दुसऱ्या कुणाला पाणी प्यायला जाता यायचं नाही. सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या बाल्कन्यांमधून बायका गाद्या बडवायला लागायच्या, त्या आवाजाने सुरुवातीला आईला वाटायचं, कुठेतरी मारामारी चाललीय. संध्याकाळी पाचला वॉर्डाच्या भोंग्यातून एक रडवेला सूर वाजायचा. मुलांनी आता घरी जावं म्हणून. थंडीत भाजलेली रताळी विकणारी गाडी यायची. त्या गाडीवाल्याची लांबवलेली हाळी ऐकून आई पहिल्यांदा हातातलं लाटणं ठेवून म्हणाली होती, "कोण गेलं रे कुणाचं?" आता हे आठवलं की हसू येतं. तेव्हा ती हसली नव्हती. कढीपत्त्यासाठी तिला निशी-कासाईच्या भारतीय दुकानांपर्यंत जावं लागायचं, पोहे तर तिथेही मिळतील याची खात्री नसायची, आणि कॉर्नफ्लेक्सचा चिवडा करताना ती दर वेळी एकच वाक्य म्हणायची, "चिवडा म्हणायचा आणि खायचा."

बाबांची एक थिअरी होती. एकाच घरातल्या दोन मुलांना दोन भाषा आल्या तर घराचं काम भागतं. म्हणून मला त्यांनी नव्यानेच निघालेल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं आणि अनूला वसाहतीमागच्या जपानी शाळेत. "ती लहान आहे, पटकन उचलेल," असं ते म्हणायचे. थिअरी बरोबर होती. फक्त घरात जपानी येणारा माणूस म्हणून सगळ्यांनी मला नेमलं, अनूला नाही. त्याचं कारण लिफ्टमधली एक आजी. तिने हवेबद्दल काहीतरी म्हटलं आणि मी टीव्हीवर ऐकलेलं ठोकून दिलं, "हाय, सो देस ने." म्हणजे, हो ना, तसंच आहे. मागे बाबांच्या ऑफिसातले सबनीस काका उभे होते. ते खाली उतरेपर्यंत थांबले आणि माझ्या पाठीत थाप मारून म्हणाले, "अरे वा! पोरगा फाडफाड बोलतोय की!" मी नाही म्हटलं नाही. त्या एका वाक्यावर मी आठ महिने काढले. कुणी काही म्हणो, तसंच आहे असं म्हटलं की जपानी माणूस मान डोलावतो. हे तंत्र मी पुढे नोकरीतही वापरलं आहे, पण तो विषय वेगळा.

आता टपालवाल्याबद्दल सांगायला हवं. मुलुंडला असताना बाबा लायब्ररीतून एक फ्रेंच चित्रकथांची मालिका आणायचे, इंग्रजीत केलेली. मोठ्या आकाराची, पातळ, पुठ्ठ्याच्या बांधणीची पुस्तकं. डोंगरातल्या एका गावाचा ढेरपोट्या टपालवाला, त्याचं गाढव, आणि प्रत्येक पत्र चुकीच्या घरी पडल्यामुळे गावात होणारे घोळ. मूळ फ्रेंच नाव आम्हाला कुणालाच उच्चारता यायचं नाही, म्हणून घरात ती 'टपालवाल्याची पुस्तकं'. रविवारी दुपारी जेवणं झाली की बाबा उताणे पडून पुस्तक छातीवर उभं धरायचे आणि आम्ही दोन बाजूंनी त्यांच्या दंडावर डोकं ठेवून बघायचो. ते मराठीत सांगायचे, आवाज काढून. टपालवाला नाकातून बोलायचा, सरपंचाची बायको किनऱ्या आवाजात, आणि गाढव थेट कोल्हापुरी. गाढव मूळ पुस्तकात एक अक्षरही बोलत नाही, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर त्या पुस्तकाचीच कीव आली.

जपानमध्ये बाबा आमच्याआधी निघायचे आणि आम्ही झोपल्यावर यायचे. रविवारी ते झोपायचे. झोपायचे म्हणजे अक्षरशः. कूस न बदलता, तोंड उघडं टाकून. अनू अधूनमधून त्यांच्या दंडाजवळ जाऊन बसायची आणि उठून यायची.

अशात मला स्टेशनजवळच्या व्हिडिओच्या दुकानात टपालवाला दिसला. कॅसेटच्या खोक्यावर, खराखुरा, हाडामांसाचा. त्या पुस्तकांवरून फ्रान्समध्ये सिनेमे काढले होते, एकाखाली एक तीन. मी धावत घरी आणला. लावला, तर टपालवाला जपानीत बोलत होता. फ्रेंच माणसाच्या तोंडात जपानी आवाज भरलेला, इंग्रजीचा मागमूस नाही. बाबा त्या दिवशी मुद्दाम जागे राहिले होते. त्यांनी दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "हा तो नव्हे. ह्याला पोट बांधलंय." खरंच, तो नट चांगला सडसडीत असावा, पळताना त्याचं पोट एका बाजूला सरकायचं. एवढं बोलून बाबा झोपले. आई मात्र पाहत राहिली आणि तिने विचारलं, "काय म्हणतोय रे तो?"

मी सांगितलं. नाकातून, बाबांच्या टपालवाल्याच्या आवाजात. मला काय कळत होतं? काहीच नाही. चित्रं दिसत होती, पुस्तकातली गोष्ट थोडी आठवत होती, उरलेलं मी रचत गेलो. सरपंचाची बायको चिडली की मी तिच्या तोंडी भाजीवाल्याशी झालेली भांडणं घातली. सिनेमातलं गाढव जपानीतही गप्पच होतं, त्याला मी बोलतं केलं. आई पोट धरून हसली. जपानला आल्यापासून तिला मी तशी हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसण्यावर मी बिघडलो.

पुढच्या रविवारी सबनीस मंडळी आली. त्याच्या पुढच्या वेळी फुनाबोरीहून दोन मराठी घरं आली, डबे घेऊन. चटईवर दाटीवाटीने बसायचे सगळे, मी टीव्हीच्या बाजूला स्टुलावर. बटाटेवडे फिरायचे. सबनीस काका दर पाच मिनिटांनी म्हणायचे, "काय पकड आहे हो भाषेवर!" आणि मी आवाज आणखी चढवायचो. एकच अडचण होती, अनू. ती भलत्याच ठिकाणी हसायची. सगळे माझ्या विनोदावर हसत असताना ही गप्प, आणि मी नुसता श्वास घ्यायला थांबलो की ही एकटीच फिस्सकन हसायची. मला पडद्यामागे नेऊन तिला दम भरावा लागला. "कळत नसेल तर निदान इतरांबरोबर हसावं," असं मी तिला म्हणालो. होय, मीच. वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचायला माझी हरकत नाही. त्या खोलीत खरा सिनेमा कळणारी ती एकटी होती, टपालवाला खरोखर जे बोलत होता त्यावर हसत होती, आणि मी तिला हसायचं कसं ते शिकवत होतो.

घरातही ती कमी बोलायला लागली होती. आधी बडबडी होती असं नाही, पण आता विचारलं तर मान हलवायची, किंवा एखादा जपानी शब्द टाकून गप्प. आई म्हणायची, "मोठी होतेय." शाळेत सगळ्या मुलांना शाळेतलंच जेवण असतं. अनू मांस-मासे खात नव्हती म्हणून खास परवानगीने घरचा डबा न्यायची आणि तो रोज रिकामा, पुसून आणायची. त्या रिकाम्या डब्यावर आईचा सगळा भरवसा होता. एकदा भाजी निवडताना तिने बाबांना स्पष्ट सांगून टाकलं होतं, माझ्यासमोर. "हे बघा, मी इथे राहीन. पण दोघांपैकी एकाचं जरी इथे नीट चाललं नाही, तर दोघांना घेऊन पुण्याला आईकडे जाईन. मग मला थांबवायचं नाही." बाबा म्हणाले, "बरं." मी त्या रात्री ते वाक्य बरंच चघळलं. पुण्यात मला कोण ओळखत होतं? इथे माझ्यासाठी फुनाबोरीहून माणसं यायची.

मे महिन्यात चिठ्ठी आली की अनूचे मियाता सेन्सेई घरी येणार. वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलाच्या घरी जायचं अशी तिथली पद्धत. एका घरी पंधरा मिनिटं, दारातच किंवा फार तर आत बसून, आणि कुठेही काही खायचं-प्यायचं नाही. ही शेवटची अट आम्हाला माहीत नव्हती. आईने साजूक तुपातला शिरा केला, केशर घालून, चिवडा बशीत काढला, मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि म्हणाली, "नीट सांग हं सगळं. सिनेमासारखा पाल्हाळ नको."

मियाता सेन्सेई तरुण होते, कानापर्यंत लाल होणारे. बूट काढून, उलटे फिरवून, नीट जोडून ठेवले. आईला ते फार आवडलं. ते गुडघ्यांवर बसले, मी त्यांच्यासमोर, आई माझ्या शेजारी, आणि अनू आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी वही घेऊन. सेन्सेई सावकाश बोलायला लागले, एकेक शब्द सुटा करून, माझ्यासाठी. मध्येच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"काय म्हणतात?" आईने विचारलं.

"अनू शांत आहे म्हणतात. वर्गात अजिबात आवाज करत नाही."

"माझीच पोर आहे," आई म्हणाली आणि सेन्सेईंकडे बघून हसली. सेन्सेई हसले नाहीत. पुढे झुकून त्यांनी आणखी काही सांगितलं. त्यात 'बेन्तो' होता, म्हणजे डबा, तो शब्द आईलाही ओळखीचा, आणि 'गोमी' होता. गोमी म्हणजे कचरा. जपानला आलेल्या कुठल्याही भारतीयाला हा शब्द पहिल्या आठवड्यात कळतो, कारण जळणारा कुठल्या वारी, न जळणारा कुठल्या वारी हे चुकलं की पिशवी दारात परत येते. म्हणजे मला शब्द कळला होता. सेन्सेईंनी हाताने टाकण्याची खूणही केली.

"डब्याचं काय म्हणतात?"

"डबा संपवते म्हणतात. आणि कचरा स्वतःचा स्वतः टाकते."

वीस वर्षं मी घरच्यांना सांगत आलो की मला काही कळलंच नव्हतं. आता केस इतके उरलेत की नावानिशी हाक मारता येईल, तेव्हा सांगून टाकतो. सगळं कळलं नव्हतं, पण पुरेसं कळलं होतं. पंधरा मिनिटांचा माणूस चाळीस मिनिटं बसला होता. तो ज्या तऱ्हेने आईकडे बघत होता, तसं कौतुक सांगणारा माणूस बघत नाही. आणि येत्या रविवारी तिसरा सिनेमा होता, बावीस माणसं येणार होती.

शेवटी त्यांनी आईला थेट काही विचारलं आणि उत्तरासाठी थांबले. शाळा, आई आणि या, एवढं मला समजलं. मी म्हणालो, "कधी वेळ झाला तर शाळा बघायला या म्हणतात." आई म्हणाली, "सांग त्यांना, नक्की येऊ. उन्हाळ्याची सुट्टी होऊन जाऊ दे." मी सेन्सेईंकडे वळून म्हणालो, "हाय. सो देस ने." ते माझ्याकडे बघत राहिले. मग आईने शिऱ्याची वाटी पुढे केली. त्यांनी दोन्ही हात हलवले, तिने आग्रह केला, त्यांनी पुन्हा हात हलवले, तिने वाटी हातातच दिली. दोन चमचे खाल्ले त्यांनी. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ते वाकून उभे होते. मी वळलो तर अनू माझ्याकडे बघत होती. मला वाटलं काही बोलेल. तिने वही मिटली आणि आत गेली.

तिसरा सिनेमा फसला. टपालवाल्याचा नट बदलला होता, गाढव कॉम्प्युटरने केलेलं होतं आणि त्याचे पाय जमिनीला टेकत नव्हते. सबनीस काकू म्हणाल्या, "हा कोण मेला नवीन?" मला सांगावं लागलं की टपालवाल्याने मिशी काढली आणि कावीळ झाल्यामुळे तो बारीक झाला. माणसं हसली, पण तेवढी नाही. अनू एकदाही हसली नाही, ना माझ्या विनोदांना, ना भलत्या ठिकाणी. मला धंदेवाईक हायसं वाटलं.

ऑक्टोबरात एक दिवस बाबा दुपारी चारला घरी आले. कामाच्या दिवशी उजेडात बाबा, हे दृश्यच इतकं चमत्कारिक होतं की आईने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. शाळेने त्यांच्या ऑफिसात फोन केला होता. तो ताकादा-सानने घेतला. ही ऑफिसातली दुभाषी, उत्तम इंग्रजी बोलणारी, प्रत्येक शब्द जसाच्या तसा पोचवणारी बाई. बाबांनी उभ्या उभ्याच सांगितलं. एप्रिलपासून अनू शाळेत एक शब्द बोललेली नाही. मुलं तिच्या डब्याच्या वासावरून नाक धरतात, म्हणून ती पोळीभाजी जेवणाआधीच जळणाऱ्या कचऱ्यात टाकून येते आणि डबा धुऊन ठेवते. जेवणाची सुट्टी नर्सच्या खोलीत काढते. "आणि हे त्यांनी मे महिन्यात घरी येऊन सांगितलं होतं म्हणे," बाबा म्हणाले. "आईंनी काही दिवस वर्गात येऊन बसावं, अशी विनंतीही केली होती. त्यांना वाटलं, आपल्याकडे याला फार महत्त्व देत नसावेत."

आई ओट्यावर एका हाताने टेकून उभी होती. मग म्हणाली, "तो मला सांगत होता, पोर उपाशी राहते. आणि मी त्याला शिरा भरवत होते."

बाबांनी मला मारलं नाही. चटईवर बसून त्यांनी मोजे काढले, एकात एक घातले, आणि विचारलं, "तू नक्की काय सांगितलंस?" मी सगळं सांगितलं, शब्दन्‌शब्द. स्मरणशक्ती माझी चांगली आहे, दुर्दैवाने. ते म्हणाले, "आणि त्या सिनेमांचं?" मी म्हणालो, "तेही." ते मोज्यांकडे बघत राहिले. "माझे आवाज काढून," एवढंच म्हणाले. ते रागावून म्हणाले की आणखी कसं, ते मला आजही ठरवता येत नाही.

आई बोलल्याप्रमाणे वागली. डिसेंबरात ती आणि अनू पुण्याला गेल्या. दहावीपर्यंत मी राहावं असं ठरलं, म्हणजे मला शिक्षा म्हणून माझ्या मनासारखं मिळालं. बाबा आणि मी कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, समुद्री शेवाळात गुंडाळलेले भाताचे गोळे आणायचो आणि टीव्ही न लावता खायचो. रविवारी कुणी येत नसे. सबनीस काका लिफ्टमध्ये भेटले की मजल्याचे आकडे वाचायचे. अनू पुण्यात हळूहळू बोलायला लागली, आता ठाण्यात दातांची डॉक्टर आहे, आणि मी तिच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेला असतो तेव्हा ती एकटी भरपूर बोलते. त्या वर्षाबद्दल मात्र नाही. मी विचारलं तर म्हणते, "आ कर."

पण त्या दोघी जायच्या आधी एकदा आम्हाला सगळ्यांना शाळेत बोलावलं होतं. शनिवारी सकाळी. माझी तिथे काही गरज नव्हती. बाबांनी मला नेलं ते ऐकायला. "एकदा नीट ऐकून घे, दुसऱ्याचं म्हणणं कसं सांगतात," असं ते स्टेशनवर ताकादा-सानला आणायला जाताना म्हणाले. वर्गात लहान मुलांच्या खुर्च्या, त्यांवर आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो, पायात शाळेच्या हिरव्या सपाता. सेन्सेई बोलत, ताकादा-सान वहीत खूण करत आणि मग इंग्रजीत सांगत. पदरचं काही घालत नव्हत्या, काही गाळत नव्हत्या. आईने स्वतःच्या तोंडाने इंग्रजीत सॉरी म्हटलं तर त्यांनी तेही जपानीत पोचवलं. सेन्सेईंनी मान इतकी खाली घातली की त्यांच्या केसांतला भोवरा दिसला.

मग ते उठले आणि अनूच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. ताकादा-सान हलक्या आवाजात सांगत होत्या. तुला काय होतंय ते तुझ्याच तोंडून ऐकायचंय. घाई नाही. जपानीत सांग, तुमच्या भाषेत सांग, हवं तर कानात सांग. कुणी रागावणार नाही.

अनूने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं. खाली मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. मला राहवेना. ही शांतता भरून काढायला माझ्या जिभेवर काहीतरी येतच होतं, आणि बाबांनी न बघता माझ्या मांडीवर हात ठेवून दाबला.

आणि अनू बोलली. जपानीत, पूर्ण वाक्य, स्वच्छ, न अडखळता. सात महिन्यांत त्या शाळेने ऐकलेला तिचा पहिला आवाज. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. सेन्सेईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आई कासावीस होऊन ताकादा-सानकडे वळली, "काय म्हणाली? काय म्हणाली ती?"

ताकादा-सान जरा थांबल्या. चष्मा सारखा केला. पण बाई कामात चोख.

"ती म्हणते," त्या म्हणाल्या, "आधी दादाला बाहेर काढा. मग सांगते."